रोहण्याचा ‘ण’ आणि स्टाइलशीट

वेब डिझाइन शिकताना आम्हां सगळ्यांकडून एक वाक्य घोकून घेतलं गेलं: मजकूर वेगळा, मांडणी वेगळी. मजकूर एचटीएमएलमध्ये ठेवायचा आणि रंग, आकार, फॉन्ट, समास वगैरे सगळा साजशृंगार स्टाइलशीटमध्ये. २००३ साली डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केलं तेव्हा हे वाक्य डोळ्यांनी बघायची सोय झाली. एचटीएमएल तेच, पण स्टाइलशीट बदललं की पानाचा अवतारच निराळा. मग २००६ च्या ५ एप्रिलला डस्टिन डियाझ यांनी ‘सीएसएस नेकेड डे’ची टूम काढली. एक दिवस आपल्या संकेतस्थळाचं स्टाइलशीट काढून ठेवायचं. पान ओबडधोबड दिसेल, पण वाचता आलं पाहिजे. वाचता आलं, तर तुमचं एचटीएमएल खणखणीत.

तर मंडळी, त्याच काळातल्या एखाद्या मराठी साप्ताहिकाच्या पानावर हा प्रयोग करून बघा. कपडे काढले तरी माणूस उरायला हवा ना? इथे माणूसच नाहीसा होतो. उरतो तो नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. कारण त्या पानांत मराठी मजकुरात नव्हतीच, ती स्टाइलशीटमध्ये होती. गेले तीन शनिवार-रविवार मी ती तिथून बाहेर काढत होतो, त्याची ही हकीकत.

(एक सूचना. कोडमधले शब्दही या लेखात देवनागरीतच लिहिणार आहे. का, ते पुढे कळेल. आणि ब्राउझरला ब्राउझरच म्हणणार आहे. ‘न्याहाळक’ हा शब्द मला आवडतो, पण तो वाचला की मला दुर्बीण लावून बसलेला माणूस दिसतो.)

आधी थोडा इतिहास, कारण ज्यांनी तो भोगला नाही त्यांना हे सगळं विनोदी वाटेल. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण कागदावर असणं वेगळं आणि आर्वीच्या सायबर कॅफेत असणं वेगळं. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला खरा, पण एक्सपीमध्येसुद्धा देवनागरी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक टिकमार्क करावी लागे आणि मग तो बाबा विंडोजची सीडी मागे. कॅफेवाल्याकडे सीडी कुठली? म्हणून संकेतस्थळांनी वेगळी वाट धरली. फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’चं चित्र बसवायचं, ‘जी’च्या जागी ‘ह’चं. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच. फक्त तो त्या फॉन्टमध्ये रंगवला की मराठी दिसतो.

आता वाचकाकडे तो फॉन्ट नसला तर? त्यासाठी १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये सोय होती. मायक्रोसॉफ्टच्या ‘वेफ्ट’ नावाच्या अवजाराने फॉन्टची ईओटी फाइल बनवायची, स्टाइलशीटमध्ये ‘अ‍ॅट फॉन्ट-फेस’ नावाचा नियम लिहून तिचा पत्ता द्यायचा, की ब्राउझर ती स्वतःच उतरवून घेई. नेटस्केपची तऱ्हा निराळी, बिटस्ट्रीमचं ट्रूडॉक. आपण सगळे याला ‘डायनॅमिक फॉन्ट’ म्हणायचो आणि फार अप्रूप वाटायचं. ईओटी फाइल ठरावीक संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधून टाकायचीही सोय होती. म्हणजे तेच पान उचलून दुसरीकडे नेलं की फॉन्ट चालेनासा. पुढे २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ ने साधे फॉन्ट उतरवून घ्यायला सुरुवात केली, ईओटी मागे पडली, आणि २०२२ च्या जूनमध्ये इंटरनेट एक्सप्लोररचंच दुकान बंद झालं. त्या फाइली वाचणारा ब्राउझर आज नेहमीच्या वापरात उरलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो.

माझे मामाजी रोहण्याचे. रोहणा म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, आर्वी तालुक्यातलं. शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर २००४ ते २००७ या काळात ते एका साप्ताहिकासाठी गावचं वार्तापत्र लिहीत असत. कापसाचे भाव, भारनियमन, शाळेचं गळकं छप्पर, पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीचे हाल (ती गाडी आता बंद आहे), बाजारातली भांडणं. साप्ताहिकाचं संकेतस्थळ होतं. मामाजी महिन्यातून एकदा आर्वीला कॅफेत जाऊन आपली पानं ‘सेव्ह’ करून घ्यायचे आणि वर्षाच्या शेवटी सीडी. कॅफेतल्या पोराने शिकवल्याप्रमाणे ‘वेब पेज, कम्प्लीट’ हा पर्याय निवडून. त्या पोराचं भलं होवो, कारण या कहाणीत जे काही वाचलं ते त्याच्या त्या एका शब्दामुळे. साप्ताहिक पुढे बंद पडलं, संकेतस्थळ गेलं, छापील अंकांना वाळवी लागली. उरली सीडी, आणि सीडीवर ४१ फाइली.

गेल्या काही वर्षांत मामाजींच्या डोळ्यांचा पडदा झिजला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, म्हणजे चालता येतं पण वाचता येत नाही. फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो, आणि त्या मराठी आवाजावर ते खूश आहेत. (हा लेखही फोनच वाचणार आहे. मध्येच रोमन कोड आलं की तो अडखळतो, म्हणून वरची सूचना.) साहजिकच त्यांनी आपल्या जुन्या वार्तापत्रांची एक फाइल फोनवर घालून घेतली आणि वाच म्हणून सांगितलं. फोन सुरू झाला: “जे के एस जी डॉट के के.”

“अबे, हा तं एबीसीडी वाचून राहिला! म्या काय इंग्रजीत लिवलं होतं?” मामाजींचा मला फोन. मी फाइल मागवून पाहिली आणि हसू आवरेना. ते जे काय ‘जे के एस जी डॉट के के’ होतं ते ‘रोहणा’ होतं. त्या फॉन्टमध्ये अर्धा ण टिंबावर बसवलेला आहे. फोनला टिंब दिसलं, टिंबाच्या दोन्ही बाजूंना अक्षरं दिसली, त्याला वाटलं हा संकेतस्थळाचा पत्ता. हे मामाजींना सांगितलं तर म्हणाले, “आपलं गाव काय वेबसाइट होय काय बे?”

हसून झाल्यावर लक्षात आलं की काम गंभीर आहे. डोळ्यांना दिसणारं मराठी अक्षर आणि आत साठवलेला संकेत यांचा संबंध तुटलेला असला, की ज्याला डोळे नाहीत त्याच्यासाठी ती भाषाच राहत नाही. शोधयंत्रालाही डोळे नसतात. ही पानं कुठल्याही शोधात कधी सापडली नाहीत, याचंही कारण हेच.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी अवजारं नेटवर पुष्कळ आहेत. मजकूर चिकटवा, बटण दाबा. पण त्यांना आधी सांगावं लागतं की मजकूर कोणत्या फॉन्टमधला आहे, आणि सगळा मजकूर एकाच फॉन्टमधला असावा लागतो. मामाजींच्या पानावर मथळा एका फॉन्टमध्ये, मजकूर दुसऱ्या, तारीख आणि वरची ‘होम’ वगैरे बटणं चक्क इंग्रजीत. आंधळेपणाने सगळ्यावर रूपांतर चालवलं तर त्या इंग्रजी ‘होम’चं होतं ‘भ्वउम’. गंमत नाही, खरोखर ‘भ्वउम’. मोठा एच म्हणजे अर्धा भ, ओ म्हणजे व, एम म्हणजे उ, ई म्हणजे म. म्हणजे कुठला तुकडा मराठी आणि कुठला इंग्रजी, हे मजकुराकडे बघून कळत नाही. ते एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं, स्टाइलशीटमध्ये.

पूर्वी फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक एक्स्टेंशन होतं, ते भारतीय भाषांची अशी फॉन्टी पानं जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून द्यायचं. फार उपकारक वस्तू. पण २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेंशनं एका दिवसात निकालात निघाली. तेव्हा म्हटलं, स्वतःच करू.

ब्राउझरमध्ये स्क्रिप्टला स्टाइलशीट वाचता येतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, कारण रोजच्या कामात तशी गरज पडत नाही. ‘डॉक्युमेंट डॉट स्टाइलशीट्स’ असं म्हटलं की पानाला लागू असलेल्या सगळ्या स्टाइलशीटांची यादी मिळते. त्या प्रत्येकात ‘सीएसएस-रूल्स’ नावाची नियमांची यादी. प्रत्येक नियमाला ‘सिलेक्टर-टेक्स्ट’ (हा नियम कुणाला लागू) आणि ‘स्टाइल’ (काय लागू). नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यू-थ्री-सीने हे प्रमाण म्हणून जाहीर केलं. इंटरनेट एक्सप्लोररने अर्थातच स्वतःचं वेगळं नाव ठेवलं होतं, नुसतं ‘रूल्स’, आणि नियम घालायला ‘इन्सर्ट-रूल’ऐवजी ‘अ‍ॅड-रूल’. ‘सीएसएस-रूल्स’ त्याला आवृत्ती ९ मध्ये, २०११ साली, समजायला लागलं. तोवर आम्ही प्रत्येक ठिकाणी ‘हे नसेल तर ते’ असं लिहीत बसायचो. शिवाय सिलेक्टरमधली टॅगची नावं तो मोठ्या अक्षरांत परत द्यायचा, त्यामुळे तुलना करताना आधी सगळं लहान अक्षरांत आणावं लागे. मजा म्हणजे ती ‘रूल्स’ आणि ‘अ‍ॅड-रूल’ ही नावं आज क्रोममध्येही चालतात. इतक्या पानांत ती रुजली होती की शेवटी प्रमाणाने त्यांना घरजावई करून घेतलं.

पहिलाच अडथळा सुरक्षेचा. फाइलवर डबल क्लिक करून पान क्रोममध्ये उघडलं आणि नियम मागितले, तर ‘सिक्युरिटी एरर’. स्टाइलशीट दुसऱ्या ठिकाणाहून आलेलं असेल तर त्याचे नियम ब्राउझर स्क्रिप्टला दाखवत नाही. रंग लावेल, मांडणी करेल, पण नियम वाचू देणार नाही. कारण रास्त आहे. नाहीतर एखादं लबाड पान तुमच्या खासगी पानाला ‘स्टाइलशीट’ म्हणून ओढून आणेल आणि आतलं काहीबाही वाचून घेईल. पण डिस्कवरच्या दोन शेजारच्या फाइलीसुद्धा क्रोमच्या लेखी एकमेकांना परक्या. सख्खे भाऊ, पण सातबारा वेगळा. उपाय सोपा: त्या फोल्डरात पायथनचा एका ओळीचा सर्व्हर सुरू करायचा आणि पान त्यामार्फत उघडायचं. मग दोन्ही फाइली एकाच घरच्या ठरतात. खऱ्या संकेतस्थळावरचं पान असेल तर एवढ्यावर भागत नाही. तिकडच्या सर्व्हरने परवानगी द्यावी लागते, आणि स्टाइलशीटच्या लिंकवर ‘क्रॉस-ओरिजिन’ लिहावं लागतं. काही झालं तरी प्रत्येक स्टाइलशीट ‘ट्राय-कॅच’मध्ये गुंडाळूनच उघडावं, म्हणजे एक रुसलं तरी बाकीची वाचून होतात.

पहिल्या शनिवारी मी काहीही बदललं नाही, फक्त खानेसुमारी केली. सगळ्या नियमांतून फिरायचं. नियमाचा प्रकार १ असेल तर साधा नियम, ३ असेल तर दुसरं स्टाइलशीट आत बोलावलेलं, ४ म्हणजे छपाई किंवा पडदा यांच्यासाठी वेगळे नियम, ५ म्हणजे फॉन्ट-फेस. (हे आकडे वापरणं आता जुनाट समजतात, पण चालतात.) ३ आणि ४ च्या पोटात पुन्हा नियम असतात, म्हणून तिथे आत उतरायचं. ज्या नियमात फॉन्टचं नाव आहे तो टिपायचा, त्याचा सिलेक्टर पानावर चालवून किती जागा मिळतात ते मोजायचं, आणि प्रत्येक जागेतली पहिली ४० अक्षरं दाखवायची. सात नियम मिळाले. तीन इंग्रजी फॉन्टचे. एक मथळ्याचा, आणि तिथे फॉन्टचं नाव सरळ ‘डीव्ही-टीटी’ने सुरू होणारं, म्हणजे सी-डॅकच्या घराण्यातलं. पुण्याच्या सी-डॅकचे हे फॉन्ट तेव्हा सगळीकडे असत आणि त्यांचे तक्ते मिळतात. उरलेले तीन नियम मुख्य मजकूर, चौकट आणि बातमीचं ठिकाण यांचे, आणि तिथे फॉन्टचं नाव म्हणजे साप्ताहिकाचीच आद्याक्षरं! फॉन्ट-फेसच्या नियमात ईओटी फाइलचं नाव होतं, तेही तेच. फाइल मात्र फोल्डरात नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रत्येक तुकड्याला शेवटी कुठला फॉन्ट लागू झाला हे नियमांची यादी वाचून नक्की ठरत नाही. एकाच परिच्छेदावर चार नियम हक्क सांगतात, त्यात कोण वरचढ हे सिलेक्टरच्या वजनावर ठरतं, आणि मध्येच कुणीतरी जुनी ‘फॉन्ट’ टॅग ठोकलेली असते, जी कुठल्याच स्टाइलशीटमध्ये नसते. तो निवाडा स्वतः करत बसू नये. ब्राउझरने तो केलेलाच असतो. ‘गेट-कम्प्युटेड-स्टाइल’ला विचारायचं. आणि ते उत्तर देतं तेव्हा, तो फॉन्ट संगणकावर नसला तरी, नियमात लिहिलेलंच नाव देतं. प्रत्यक्षात अक्षरं एरियलमध्ये रंगवली असतील, पण विचाराल तर सांगणार साप्ताहिकाच्या फॉन्टचं नाव. एरवी ही गोष्ट डोकेदुखी आहे. फॉन्ट खरोखर आहे की नाही हे शोधण्यासाठी लोक अक्षरांची रुंदी मोजण्यासारखे उद्योग करत आले आहेत. माझ्यासाठी मात्र हेच वरदान ठरलं. फॉन्ट मरून पंधरा वर्षं झाली, तरी त्याचं नाव ब्राउझर इमानाने सांगत होता.

पण नाव कळून उपयोग काय? आद्याक्षरांच्या त्या फॉन्टचा तक्ता जगात कुठे नाही. कुठलं अक्षर कुठल्या कळीवर बसवलंय? शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये मांडणी उच्चाराच्या जवळची असते, कृतिदेवमध्ये टाइपरायटरची. हा कुणाचा चुलतभाऊ?

तेव्हा तो ‘बातमीचं ठिकाण’वाला नियम कामाला आला. त्याचा सिलेक्टर होता ‘प्लेस’ नावाच्या क्लासचा. वार्तापत्राच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि तारीख येते, तेवढाच तुकडा त्या क्लासमध्ये. आणि मामाजींच्या प्रत्येक वार्तापत्रात ते गाव कोणतं असणार? स्टाइलशीट शाबूत असलेल्या ३८ पानांतून तो तुकडा काढला. ३८ ही ठिकाणी पहिले सात संकेत एकच: जे, के, एस, जी, टिंब, के, के.

एवढ्यात सगळं कळतं, बघा. ‘रोहणा’ हा शब्द सात तुकड्यांत लिहिलाय, आणि ‘के’ तीनदा आलाय. एकदा ‘रो’च्या काना-मात्रेतला काना म्हणून, एकदा अर्ध्या ‘ण’ला पूर्ण करणारा दांडा म्हणून, आणि एकदा शेवटचा काना. म्हणजे दांडा आणि काना यांना एकच कळ. जे म्हणजे र, जी म्हणजे ह, एस म्हणजे मात्रा, टिंब म्हणजे अर्धा ण. ही तर टाइपरायटरची, कृतिदेवची मांडणी! पडताळा म्हणून दोन नावं शोधली. वर्धा: ओ, स्लॅश, के, के, मोठा झेड. आर्वी: व्ही, के, ओ, एच, मोठा झेड. दोन्ही मिळाली, पहिल्याच पानावर.

या दोन नावांतच पुढची खरी मेहनतही दिसते. टाइपरायटरवर रफार शेवटी मारतात, वर्धातल्या धा नंतर. युनिकोडमध्ये तो ‘र’ ‘ध’च्या आधी असतो, कारण उच्चार आधी होतो. म्हणजे मोठा झेड दिसला की मागे जायचं, काना ओलांडायचा, अक्षर ओलांडायचं, आणि ‘वर्ध्याला’ असेल तर पूर्ण ‘ध्या’ ओलांडायचा. पहिल्या वेलांटीचं नेमकं उलट. हिंगणघाटातली वेलांटी ‘ह’च्या आधी मारलेली असते, ती पुढे सरकवायची, आणि ‘स्थिती’ असेल तर ‘स्थ’ हे सगळं जोडाक्षर संपेपर्यंत. आणि आपला मराठी लाडका, शेतकऱ्यांमधला ‘ऱ्य’. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या, हे हिंदीसाठी बनवलेल्या तक्त्यांना माहीतच नसतं. या फॉन्टमध्ये त्याला स्वतंत्र संकेत दिलेला होता, तो मला मजकुरातून हुडकून काढावा लागला. युनिकोडमध्येही तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसतो एकसारखा पण शोधताना एकाने दुसरा सापडत नाही. मी नुक्त्याच्या ‘ऱ’ची तऱ्हा सगळीकडे ठेवली. कापूस आणि शेतकरी हा ज्या लेखनाचा विषय आहे त्यात हे एक अक्षर सैल सोडणं परवडणारं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी रूपांतर चालवलं. पानातला प्रत्येक मजकुराचा तुकडा घ्यायचा, त्याच्या आईला (म्हणजे ज्या टॅगच्या पोटात तो आहे तिला) फॉन्ट विचारायचा, साप्ताहिकाचा असेल तर हा तक्ता, डीव्ही-टीटी असेल तर तो, इंग्रजी असेल तर हात लावायचा नाही. ‘होम’ होमच राहिलं.

रूपांतर झाल्यावर नियमांकडे परत यावं लागतं. आता मजकूर खरी देवनागरी आहे, पण नियम अजून मेलेल्या फॉन्टचं नाव घेऊन बसलेत. दोन हजार टॅगांवर फिरून फॉन्ट बदलायची गरज नाही, नियमाच्या ‘स्टाइल’मध्ये ‘फॉन्ट-फॅमिली’ बदलून ‘नोटो सान्स देवनागरी’ केलं की सगळं पान एकदम बदलतं. नियम वाचता येण्याचा खरा आनंद इथे. त्याच झटक्यात ओळींमधलं अंतर वाढवायचं. जुन्या फॉन्टच्या बेताने ठरवलेलं अंतर नव्या फॉन्टला पुरत नाही, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांच्या अंगावर येतात. मथळ्याच्या नियमात कुणी हौसेने अक्षरांमध्ये फट ठेवलेली होती, ती काढून टाकली. देवनागरीत तेवढ्याने शिरोरेघा तुटून अक्षरं सुटी पडतात. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवा: स्क्रिप्टने नियमांत केलेले बदल फक्त ब्राउझरच्या स्मरणात असतात. पान पुन्हा फाइलीत उतरवताना ते आपोआप येत नाहीत. प्रत्येक नियमाचं ‘सीएसएस-टेक्स्ट’ घेऊन, एकाखाली एक जोडून, नवं स्टाइलशीट स्वतः लिहावं लागतं.

३८ पानं झाली. दोन पानांचं स्टाइलशीट नव्हतं, कॅफेतलं ते पोर त्या दिवशी रजेवर असावं. पण एचटीएमएलमध्ये क्लासची नावं जशीच्या तशी होती. कुणाला काय नेसवायचं ते लिहिलेलं, कपडे तेवढे हरवलेले. शेजारच्या पानाचे सात नियम ‘इन्सर्ट-रूल’ने या पानांत घातले आणि तीच स्क्रिप्ट चालवली. एक ओळही वेगळी लिहावी लागली नाही.

राहिली ४१ वी. ती साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह केलेली. टॅग नाहीत, क्लास नाहीत, नियमांना धरायला काहीच नाही. त्या काल्यात ओळखू येत होते ते फक्त आकडे. २००६. आणि एके ठिकाणी ३, मग चौकटी कंस, मग ७५०. कृतिदेवमध्ये स्वल्पविराम चौकटी कंसाच्या कळीवर असतो. ३,७५० म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. १ जुलै २००६ ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेलं ३,७५० कोटींचं पॅकेज. सर्वांत महत्त्वाचं वार्तापत्र हेच, आणि नेमकं हेच उघडं पडलेलं. सगळा मजकूर कृतिदेव समजून बदलला, ते बरंचसं जमलं. मथळा आणि मधले दोन उपमथळे मात्र अगम्य निघाले, कारण ते दुसऱ्या फॉन्टचे. ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मामाजींना फोन करून मजकूर ऐकवत गेलो आणि जिथे कचरा सुरू झाला तिथे थांबलो. “तिथं मथळा असन,” ते म्हणाले, आणि एकोणीस-वीस वर्षांपूर्वीचा उपमथळा तोंडपाठ सांगितला. त्यावर सी-डॅकचा तक्ता चालवून पाहिला तर अक्षर न् अक्षर तोच.

आता फोन रोज दुपारी त्यांना एक वार्तापत्र वाचून दाखवतो. ‘ळ’ नीट म्हणत नाही अशी तक्रार आहे, ती माझ्या खात्यातली नाही. काल त्यांनी आणखी एक सीडी कुरियर केली आहे. शाळेची स्मरणिका, पेजमेकरमध्ये लावलेली. पेजमेकरच्या फाइलीला ‘डॉक्युमेंट डॉट स्टाइलशीट्स’ विचारता येत नाही. बघू, पुढचा शनिवार तिचा.